कोल्हापूरहून गेलेले कातडे

इसवी सन १९१० मध्ये कोल्हापुरात एका सिंहिणीने दोन पिल्लांना जन्म दिला. पिल्लांचा बाप सिंह नव्हता. तो एक थोराड बिबट्या होता. दोहोंपैकी एक पिल्लू अडीच महिन्यांचे होऊन मेले. दुसरे जगले, आणि दोन वर्षांनी लंडनमधील एका प्राणिशास्त्रज्ञाने या प्रकरणाची हकीकत छापून प्रसिद्ध केली तेव्हाही ते हयात होते. बिबट्या आणि सिंहीण यांच्या संततीची शास्त्राच्या दफ्तरी दाखल झालेली ही सर्वांत जुनी नोंद होय. ती आपल्या पंचगंगेच्या काठची आहे ही गोष्ट महाराष्ट्रातही फार थोड्यांच्या ध्यानात आहे, म्हणून मार्जारकुळातील या संकरसंततीचा इतिहास सांगताना आरंभ तेथूनच करणे मला उचित वाटते.

त्या मेलेल्या पिल्लाचे कातडे लंडनला रवाना करणारे गृहस्थ म्हणजे बाँबे नॅचरल हिस्टरी सोसायटीचे चिटणीस डब्ल्यू. एस. मिलार्ड. पेशाने ते मद्याचे व्यापारी, परंतु चित्त सारे पशुपक्ष्यांत आणि वृक्षवेलींत गुंतलेले. १९०८ साली पिवळ्या कंठाची एक अनोळखी चिमणी हातात घेऊन सोसायटीच्या दारात आलेल्या सलीम अली नावाच्या शाळकरी मुलाला पेंढा भरलेल्या पक्ष्यांचे कप्पे ज्यांनी ममतेने उघडून दाखवले, तेच हे मिलार्ड. आणि हिंदुस्थानातील सस्तन प्राण्यांची पद्धतशीर पाहणी १९११ साली सुरू झाली तीही त्यांच्याच पुढाकाराने. अशा माणसाच्या हाती कोल्हापूरचा तो जिन्नस पडल्यावर तो दिवाणखान्याची शोभा होऊन राहणे शक्यच नव्हते. त्यांनी तो लंडनच्या प्राणिसंग्रहालयाचे अधीक्षक रेजिनाल्ड इनेस पोकॉक यांच्याकडे पाठवला.

पोकॉक यांची नजर सोनाराच्या काट्यासारखी होती. त्यांनी लिहून ठेवले आहे की अंगावर बिबट्यासारखे ठिपके आहेत खरे, परंतु कुशीवरचे ठिपके हिंदी बिबट्याच्या ठिपक्यांहून लहान आणि अधिक दाट असून तपकिरी व पुसट आहेत. सिंहाच्या छाव्याच्या अंगावरचे बाळपणीचे ठिपके वयाबरोबर विरत जातात तसे. डोके, पाठीचा कणा, पोट आणि पाय येथले ठिपके मात्र काळे आणि ठसठशीत. शेपटी वरून ठिपक्यांची, खालून पट्ट्यांची, आणि टोकाशी काळसर लांब केस. पोटाकडचा रंग मळकट पांढरा. कान पिंगट, त्यांवर रुंद काळा पट्टा. पण बिबट्याच्या कानामागे जो पांढरा ठिपका हटकून असतो तो नाही. हे वर्णन वाचताना एक गोष्ट मनाला लागून राहते. आईबापांचे गुण त्या कातड्यावर एकमेकांत मिसळून एकजीव झाले नव्हते. कोठे बापाची सही, कोठे आईची, आणि कानामागे दोघांपैकी एकाची खूण गहाळ, अशी ती एक अपुरी राहिलेली वाटणी होती.

त्या काळी कोल्हापूरच्या गादीवर शाहू छत्रपती होते, आणि महाराजांचा जनावरांचा शौक सर्वश्रुत होता. पागा, पीलखाना आणि शिकारखाना ही संस्थानी वैभवाची नुसती शोभेची खाती नव्हती; हत्तींच्या साठमारीचे मैदान आणि चित्त्यांकरवी होणारी काळविटांची शिकार यांसाठी कोल्हापूरचे नाव देशभर झालेले होते. येथे चित्त्याचा उल्लेख मी मुद्दाम करतो. अकबराच्या पदरी शेकडो चित्ते होते, आणि पुढे जहांगीर बादशहाच्या काळी चित्त्यांच्या एका जोडीला बंदिवासात तीन पिल्ले झाली हा प्रकार त्याला इतका अपूर्व वाटला की त्याने तो आपल्या रोजनिशीत नोंदवून ठेवला. त्यानंतर थेट १९५६ साली अमेरिकेतील फिलाडेल्फियाच्या प्राणिसंग्रहालयात चित्तीण व्याली, तोवर मधल्या साडेतीन शतकांत पिंजऱ्यात चित्त्याचे पिल्लू जन्मल्याची दुसरी नोंद नाही. म्हणून दरबारी चित्ता रानातून धरून आणावा लागे, आणि रानातले धरून आणण्याजोगे चित्ते संपत गेले तेव्हा कोल्हापूरसारख्या संस्थानांना ते आफ्रिकेहून मागवावे लागले. स्वजातीय जोडीदार समोर असूनही चित्ता तेव्हा पिंजऱ्यात वंश वाढवीत नसे. आणि त्याच मुलखात एक सिंहीण परजातीच्या नराकडून गर्भवती राहते. बंदिवास प्रत्येक जनावराला एकाच तऱ्हेने मोडत नाही, हे यावरून दिसते.

परंतु कोल्हापूरची घटना आकाशातून पडलेली नव्हती. तिच्या मागे पाऊणशे-शंभर वर्षांचा युरोपीय इतिहास उभा होता. अठराव्या शतकाच्या अखेरीस आणि एकोणिसाव्याच्या आरंभी इंग्लंडात फिरत्या पशुशाळांचा धंदा भरभराटीला आला. पिंजऱ्यांच्या गाड्या गावोगाव हिंडत, जत्रांत मुक्काम ठोकत आणि पैसे घेऊन लोकांना सिंह-वाघ दाखवत. जागा थोडी, पिंजरे मोजके, त्यामुळे सिंह आणि वाघीण लहानपणापासून एका गजाआड वाढवण्याचे प्रसंग सहज येत. टॉमस ॲटकिन्स नावाच्या अशाच एका पशुशाळेच्या मालकाकडे १८२४ साली विंडसरच्या मुक्कामी सिंहापासून वाघिणीला तीन पिल्ले झाली. आईला दूर ठेवून त्यांना कुत्र्या आणि शेळी यांच्या दुधावर वाढवण्याचा खटाटोप झाला, खुद्द राजे चौथे जॉर्ज यांना ती दाखवण्यात आली, त्यांची चित्रे कोरून छापली गेली; पण पिल्ले फार काळ जगली नाहीत. त्याच जोडप्याला पुढील वर्षांत आणखीही वेते झाली. ॲटकिन्सला शास्त्र नको होते. त्याला गर्दी हवी होती, आणि ती मिळाली.

या पिल्लांना नाव काय द्यावे हाही प्रश्न पडला. इंग्रजीने पुढे बापाच्या नावाचा आरंभ आणि आईच्या नावाचा शेवट जोडून ‘लायगर’ हा शब्द घडवला; बाप वाघ आणि आई सिंहीण असेल तर ‘टायगॉन’; आणि कोल्हापूरच्या प्रकारची संतती ती ‘लेपॉन’. मराठीत सिंहाचा तो छावा आणि वाघाचा तो बछडा. दोहोंमधल्या जिवाला शब्द नाही. घोडा आणि गाढव यांच्या संततीला मात्र आपण खेचर म्हणतो, कारण खेचर ओझी वाहते, घाट चढते, तोफखान्याबरोबर कूच करते. त्याला पैदा करण्यात माणसाचा काही कामाचा हेतू होता. लायगरला काम नव्हते. लोकांनी त्याच्याकडे पाहावे एवढ्यासाठीच त्याला जन्माला घातले गेले.

एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस ही जत्रेतली गंमत शास्त्राच्या उंबरठ्यावर आली ती हँबुर्गच्या कार्ल हागेनबेक यांच्यामुळे. जगभरच्या प्राणिसंग्रहालयांना आणि सर्कशींना जनावरे पुरवणारा हा बडा व्यापारी. १८९७ साली त्यांच्याकडे सिंह आणि वाघीण यांची संतती जन्मली आणि ती नुसती जगली नाही, तर आईबापांहून मोठी झाली. त्यांतील नराचे वजन ४६७ पौंड भरले. चांगला वाढलेला सिंह सुमारे ४०० पौंडांचा असतो हे ध्यानात घेतले म्हणजे या आकड्याचे नवल कळते. हागेनबेक यांनी १९०० आणि १९०१ साली या जनावरांची माहिती व छायाचित्रे जेम्स कोसार यूअर्ट यांना पत्राने कळवली. स्कॉटलंडमध्ये झेब्रा आणि घोडी यांचे संकर करून आनुवंशिकतेविषयीच्या जुन्या समजुती कसाला लावणारे हे प्राध्यापक. हागेनबेक यांनी बिबट्या आणि प्यूमा यांचाही संकर केला. ती संतती मात्र खुरटी निपजली.

मग प्रश्न असा की, हे घडते कसे, आणि रानात का घडत नाही? वाघ, सिंह, बिबट्या आणि जग्वार हे एकाच प्रजातीचे जवळचे भाऊबंद. प्रत्येकाच्या पेशीत ३८ गुणसूत्रे. वाघ आणि सिंह यांची कुळे एकमेकांपासून फुटून काही दशलक्ष वर्षे लोटली, तरी बीज बीजाला सर्वस्वी परके झालेले नाही. त्यांच्यामधील भिंत रक्ताची कमी आणि राहणीची अधिक आहे. सिंह कळपाने राहतो, वाघ एकटा. गंध, डरकाळी, माजाच्या काळातील लकबी, सारेच भिन्न. गीरच्या अरण्यात सिंह आणि बिबटे पिढ्यान्‌पिढ्या एका पाणवठ्यावर येतात, उत्तर व मध्य हिंदुस्थानात एके काळी सिंह आणि वाघ यांचा मुलूख एकमेकांत शिरलेला होता, तरीही रानात जन्मलेल्या अशा संकराचा एकही विश्वसनीय दाखला नाही. माया मात्र ती भिंत क्वचित ओलांडते. २०१८ च्या अखेरीस गीरमध्ये एका सिंहिणीने बिबट्याचे अनाथ पिल्लू आपल्या छाव्यांबरोबर सुमारे दीड महिना दूध पाजून सांभाळले; जन्मजात व्याधीने ते पिल्लू मेले, पण परके म्हणून तिने त्याला लोटले नव्हते. वात्सल्याला मोकळे रान पुरते. संकराला पिंजरा लागतो, आणि तोही असा की ज्यात दोघांना एकमेकांवाचून दुसरी सोबतच उरू नये.

संततीला मोजावी लागणारी किंमत शास्त्राने नंतर उलगडली. १९२२ साली जे. बी. एस. हॉल्डेन यांनी एक नियम मांडला: दोन भिन्न जातींच्या संकरात एकच लिंग वंध्य किंवा दुर्मीळ निघत असेल, तर ते बहुधा दोन वेगळी लिंगसूत्रे बाळगणारे लिंग असते. सस्तन प्राण्यांत ते नराचे. म्हणजे लायगर आणि टायगॉन यांचे नर वांझ, पण माद्यांना कधीकधी पिल्ले होऊ शकतात. म्युनिकच्या हेलाब्रुन प्राणिसंग्रहालयात १९४३ साली याचा पडताळा आला: सिंह आणि वाघ यांच्या संकरातून जन्मलेल्या, पंधरा वर्षे वयाच्या एका मादीला सिंहापासून एक मादी पिल्लू झाले, आणि नाजूक प्रकृतीचे असूनही ते वाढून मोठे झाले. लायगरच्या अवाढव्य देहाचे कारणही शास्त्रज्ञ बीजातच पाहतात. सिंहाच्या कळपात एका मादीपाशी अनेक नरांची चढाओढ असते, म्हणून सिंहाचे बीज गर्भाच्या वाढीला चेतवते आणि सिंहिणीचे बीज तिला लगाम घालते. वाघिणीच्या बीजात तसा लगाम नाही. सिंह आणि वाघीण एकत्र आली की चेतवणारा आहे आणि आवरणारे कोणी नाही. जे भव्य म्हणून प्रेक्षक टाळ्या पिटतात ते वस्तुतः सुटलेला तोल असते.

कोल्हापूरच्या पिल्लांना खरे वारस मिळाले ते अर्धशतकानंतर जपानात. निशिनोमिया शहरातील कोशिएन येथे हानशिन पार्क नावाची एक करमणुकीची बाग होती. तेथे कानेओ नावाचा बिबट्या आणि सोनोको नावाची सिंहीण यांना एकत्र ठेवण्यात आले. सोनोको सिंहिणींच्या मानाने लहानखुरी होती, ही गोष्ट जुळून आली. १९५९ च्या नोव्हेंबरात तिला दोन पिल्ले झाली आणि १९६१ साली आणखी तीन. कोल्हापूरच्या जोडप्याने कातड्यावर जे लिहिले होते तेच येथे जिवंतपणी वाढताना लोकांना पाहता आले: डोके सिंहाचे, धड आणि पाय बिबट्याचे, अंगभर तपकिरी ठिपके, नरांना विरळ आयाळ, शेपटीला सिंहाचा गोंडा, आणि झाडावर चढण्याची हौस बापाची. लोटच्या लोट लोक त्यांना पाहायला आले. युद्धाच्या राखेतून नुकत्याच उठलेल्या त्या देशात पोरेबाळे घेऊन सुटीच्या दिवशी बागेत येणाऱ्या माणसांना त्या ठिपकेदार सिंहांत काय दिसले असेल याची कल्पना मी करू शकतो, आणि त्यांच्या आनंदाला दोष देण्याची मला इच्छा नाही. पण पाचही भावंडांना पिल्ले झाली नाहीत. शेवटचे १९८५ साली मेले. पुढे २००३ साली बागही बंद झाली आणि त्या जागी आज बाजारपेठेची मोठी इमारत उभी आहे.

जपानातील भावंडे वयात येत असतानाच हे कुतूहल पुन्हा हिंदुस्थानात परतले होते. कलकत्त्याचे अलिपूर प्राणिसंग्रहालय १८७६ चे, देशातील जुन्यांतले जुने. पहिले अधीक्षक रामब्रह्म सान्याल यांच्या अमदानीत, १८८९ साली, तेथे सुमात्रा गेंड्याचे पिल्लू जन्मले होते. बंदिवासात या जातीचे पिल्लू जन्मून वाढल्याचा पुढचा प्रसंग यायला २००१ साल उजाडावे लागले, यावरून सान्यालांच्या कर्तबगारीचे मोल कळेल. त्याच संस्थेने १९७० नंतरच्या दशकात वाघ आणि आफ्रिकी सिंहीण यांचा संकर हाती घेतला. १९७१ साली रुद्राणी नावाची टायगॉन मादी जन्मली, आणि दोन-तीन वर्षांनी रंगिणी. मग रुद्राणीला देवव्रत नावाच्या आशियाई सिंहाबरोबर ठेवण्यात आले. तिला एकूण सात पिल्ले झाली. त्यांना ‘लिटिगॉन’ हे नाव मिळाले. सातांपैकी क्युबानाकान नावाचा एकच नर प्रौढ वयाला पोहोचला. खांद्यापाशी उंची १.३२ मीटर, लांबी साडेतीन मीटर, वजन निदान ३६३ किलो. जगातील सर्वांत मोठे मार्जार म्हणून त्याची जाहिरात झाली, आणि लोक रांगा लावून त्याला पाहत. उरलेल्या सहांना पाहायला कोणी रांग लावली नाही. ती अकाली गेली होती.

या तारखा शेजारी ठेवून पाहिल्या की मन विषण्ण होते. १९७२ सालच्या गणतीत साऱ्या भारतात १,८२७ वाघ उरल्याचे निघाले. त्याच वर्षी वन्य जीव संरक्षणाचा कायदा झाला, आणि १९७३ च्या १ एप्रिलला व्याघ्रप्रकल्प सुरू झाला. १९७४ च्या गणतीत गीरमध्ये सुमारे १८० सिंह भरले. आशियाई सिंहाचा जगात दुसरा रानटी ठाव नव्हता. ज्या देशात वाघ आणि सिंह दोघेही बोटांवर मोजण्याजोगे होऊ लागले होते, त्याच देशाच्या एका थोर संस्थेत वाघाची आणि आशियाई सिंहाची वीर्यशक्ती वंश पुढे न नेणारी संतती निर्माण करण्यात खर्ची पडत होती. अलिपूरचे लोक दुष्ट नव्हते. पशूंवर त्यांचे प्रेमच होते. परंतु जत्रेच्या तंबूतला प्रश्न त्यांनी दीडशे वर्षांनंतरही तसाच विचारला: अजून काय नवे दाखवता येईल? सान्यालांच्या वारसांनी विचारायचा प्रश्न हा नव्हता, असे मी स्पष्ट म्हणतो.

वन्य जीवांच्या कैवाऱ्यांनी, विशेषतः वर्ल्ड वाइल्डलाइफ फंडाने, यावर कडाडून टीका केली, आणि १९८५ साली भारत सरकारने अशा संकरप्रजननाला मनाई केली. तोवर संकराचे दुसरे, अधिक छुपे रूप पुढे येऊ लागले होते. आफ्रिकी आणि आशियाई सिंह दिसायला इतके सारखे की त्यांची सरमिसळ डोळ्यांना उमगत नाही. १९८७ साली स्टीफन ओब्रायन आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी अमेरिकेतील प्राणिसंग्रहालयांत ‘शुद्ध आशियाई’ म्हणून जपलेल्या सिंहांच्या रक्ताची परीक्षा केली, तेव्हा पाच मूळ पूर्वजांपैकी दोघे मुळात आशियाई नव्हतेच असे आढळले. वर्षानुवर्षांची मेहनत वाया गेली. आपल्याकडे पंजाबातील छतबीड प्राणिसंग्रहालयात सर्कशीतून आलेल्या आफ्रिकी सिंहांचा गीरच्या सिंहांशी संबंध आला, संततीची संख्या वाढली, रोगप्रतिकारशक्ती खालावली आणि अखेर त्या साऱ्या सिंहांचे प्रजनन थांबवण्याची पाळी आली. ठिपके आणि पट्टे एकत्र आले तर निदान दिसतात तरी. हा संकर रक्ताच्या थेंबातच सापडला.

हुकूम निघाला, पण अलिपूरच्या पिंजऱ्यात जे जीव आधीच होते ते होतेच. क्युबानाकान १९९१ साली मेला; त्याचा पेंढा भरलेला देह कलकत्त्यातच जतन करून ठेवण्यात आला, जसे कोल्हापूरचे कातडे लंडनला जतन झाले होते. रंगिणी मागे राहिली. तिच्या पुढच्या पिंजऱ्यांतून सिंह गर्जत, वाघ डरकाळ्या फोडीत. त्यांतली कोणतीही जात पूर्णपणे तिची नव्हती. ज्या वर्षी मनाई झाली त्यानंतर आणखी चौदा वर्षे ती जगली, आणि १९९९ साली मेली तेव्हा टायगॉनांत तिच्याइतके दीर्घायुष्य दुसऱ्या कोणाचे नोंदलेले नव्हते.